सर्टिफाइड तिलापिया खाद्य: पोतं पास, गोदाम नापास

पोत्याला पाचपैकी चार. कंपनीच्या कागदपत्रांना साडेचार. आणि ज्याने ते मला विकलं त्या डीलरला दीड. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण 'सर्टिफाइड' म्हटलं की त्यात काय येतं आणि काय येत नाही, हे खाद्य विकणारा आपणहून कधीच सांगत नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. खाली जी तक्रार आहे ती एका माणसाच्या गोदामाची आहे, आणि नाव टाकलं की लोक तेवढंच वाचतात. खाद्य असं: तिलापियासाठीचं तरंगतं खाद्य, ३ मिमी दाणा, २५ किलोचं पोतं, प्रथिनं ३२ टक्के, स्निग्धांश ६ टक्के. बिलावर एएससी या जबाबदार मत्स्यपालनाची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या फीड स्टँडर्डप्रमाणे (खाद्याचे निकष) बनवल्याचा उल्लेख, फिशमीलसाठी (मासे शिजवून, वाळवून केलेली भुकटी) मारिनट्रस्टचं, म्हणजे फिशमीलचा स्रोत तपासणाऱ्या योजनेचं, प्रमाणपत्र. आम्ही हे हौसेने घेत नाही. आमचे मासे उचलणारा व्यापारी माल बाहेर पाठवतो आणि त्याच्या गिऱ्हाइकाला खाद्याचे कागद लागतात, म्हणून घेतो. तळ्यांचं काम दीर बघतात; खाद्य, वजनं आणि हिशोब माझ्याकडे. त्याआधी मी काही वर्षं पशुखाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते, तेव्हा पोत्यावरचे आकडे वाचताना थोडी खोड काढायची सवय आहे.

आधी दाणा. पोतं उघडल्यावर पहिलं काम नाकाचं. ताज्या खाद्याला सुक्या मासळीचा आणि भाजलेल्या सोयाचा वास येतो. तेल खवट झालेलं असेल तर तो वास लपत नाही. याचा वास स्वच्छ होता. दाणा नखाने मोडून पाहिला तर आतून-बाहेरून रंग एकसारखा आणि आत बारीक पोकळ्या. त्या पोकळ्यांमुळेच तो तरंगतो. एक्स्ट्रूडरमध्ये (दाणा पाडणारं यंत्र) ओलं पीठ दाबाखाली १२० ते १४० अंशांपर्यंत तापतं, साच्यातून बाहेर पडताना दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि दाणा फुगतो. स्टार्च शिजल्यामुळे दाणा बांधला जातो, आणि साल्मोनेलासारखे जंतू त्या उष्णतेत टिकत नाहीत. तेलाचा बराचसा भाग नंतर वरून मारतात, कारण आधीच जास्त तेल घातलं तर पीठ नीट फुगत नाही.

बादलीभर पाण्यात मूठभर दाणे टाकून ठेवले. पंधरा मिनिटांनी तळाशी मोजके दाणे, बाकी सगळे वर. तासाभराने दाणा मऊ झाला पण विरघळला नाही. पाण्यावर तेलाचा तवंग मात्र मला हवा होता त्यापेक्षा थोडा जास्त आला. म्हणजे वरून मारलेलं तेल पूर्ण मुरलेलं नाही. फार गंभीर नाही, पण अर्धा गुण इथे गेला.

उरलेला अर्धा गुण भुकटीत गेला. अख्खं पोतं चाळलं तर चाळणीखाली पावणेचारशे ग्रॅम निघालं, म्हणजे दीड टक्का. माझ्या मते हे एक टक्क्याच्या आत हवं. भुकटी मासा खात नाही. ती पाण्यात विरते, तिच्यावर शेवाळ पोसलं जातं आणि पहाटे ऑक्सिजन उतरला की धावपळ आपली. शिवाय तिचं वजन आपण दाण्याच्याच भावाने विकत घेतलेलं असतं.

आता पोत्यावरचा सर्वात मोठ्या अक्षरातला आकडा, प्रथिनं ३२ टक्के. नेहमीच्या तपासणीत प्रयोगशाळा प्रथिनं मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. प्रथिनांमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, या धरून चाललेल्या गोष्टीवर सगळा हिशोब उभा आहे. ही फट माहीत असलेल्यांनी तिचा फायदाही घेतला. २००७ साली उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातलं रसायन सापडलं. चीनमधून गव्हाचं ग्लुटेन म्हणून आलेला माल भेसळीचा निघाला. त्याच भेसळीचा माल कॅनडात बनलेल्या मत्स्यखाद्यातही गेल्याचं नंतर उघड झालं. मेलामाइनमध्ये वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. खाद्यात एक टक्का मेलामाइन मिसळलं की कागदावरची 'प्रथिनं' चार टक्क्यांनी वाढतात आणि माशाच्या पोटात काहीच जात नाही, उलट मूत्रपिंडाला धोका.

इतक्या टोकाची भेसळ रोज होत नाही. रोज होते ती साधी लबाडी: लायसिन हे वाढीला लागणारं अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) कमी असलेली स्वस्त पेंड भरायची. आकडा ३२ च राहतो, मासा मात्र वाढत नाही. म्हणून मी कंपनीकडे लॉटप्रमाणे (एका वेळी बनलेल्या मालाप्रमाणे) लायसिन आणि मेथिओनिन या तसल्याच दुसऱ्या घटकाचे आकडे मागितले. दुसऱ्या दिवशी ईमेलवर आले, लॉट नंबरसकट. लायसिन १.७ टक्के, म्हणजे प्रथिनांच्या पाच टक्क्यांच्या वर. तिलापियाला तेवढंच लागतं. याआधी ज्यांचं खाद्य घेत होतो त्यांना हाच प्रश्न विचारल्यावर उत्तर आलं होतं, "मॅडम, आमचं खाद्य सगळेच वापरतात." कागदपत्रांना साडेचार गुण का दिले ते यावरून कळेल.

मग साडेचारच का, पाच का नाहीत? कारण घटकांच्या यादीतलं "आणि/किंवा". सोयापेंड आणि/किंवा मोहरीपेंड, गहू आणि/किंवा मका, फिशमील आणि/किंवा इतर सागरी प्रथिनं. याने कंपनीला बाजारभावाप्रमाणे घटक बदलायची मोकळीक मिळते. ती त्यांना लागते हे मलाही कळतं. २०२३ मध्ये एल निन्योमुळे समुद्र तापला आणि पेरूने उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा अँकोव्हेटा या छोट्या माशाचा पहिला हंगामच रद्द केला, तेव्हा फिशमील आणि माशाचं तेल दोन्हींची जगभर टंचाई झाली. अँकोव्हेटा म्हणजे फिशमीलचा जगातला सगळ्यात मोठा एकटा स्रोत. तो थांबला की खाद्याच्या पाककृती बदलणारच. बदला, पण सांगा. दाण्याचा रंग बदलला की मला तळ्याच्या काठावर कळतं, तेव्हा ते पोत्यावर आधी कळलेलं बरं.

फिशमीलच्या शिक्क्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तिलापिया मुळात वनस्पतीकडे झुकलेला सर्वभक्षी मासा. वाढीच्या टप्प्यातल्या या खाद्यात फिशमील आहे तीन टक्के. म्हणजे पोत्यावर ज्या गोष्टीचा सर्वात जास्त गाजावाजा आहे ती २५ किलोत पाऊण किलो. तरीही ती कुठून आली हे महत्त्वाचं आहेच. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मॉरिटानिया, सेनेगल, गांबिया इथे, जी सार्डिनेला नावाची छोटी मासळी लोक स्वतः खात होते ती फिशमीलच्या कारखान्यांकडे वळली, आणि तिथल्या मासळी वाळवणाऱ्या बायकांच्या हातचं काम गेलं. असलं फिशमील मला माझ्या तळ्यात नको. कंपनीने लेखी कळवलं की या लॉटमधलं फिशमील कापणीतल्या उरलेल्या भागांचं आहे, डोकी, काटे, शेपट्या. जगातल्या एकूण फिशमीलपैकी साधारण तिसरा हिस्सा आता असाच बनतो, म्हणजे हे काही अपूर्वाईचं नाही, पण योग्य आहे.

त्यावर मी पुढचा प्रश्न टाकला: उरलेले भाग कोणत्या माशाचे? कारण पाळलेल्या माशाला त्याच जातीच्या पाळलेल्या माशाची भुकटी घालायला युरोपीय संघात मनाई आहे, आणि आमच्या व्यापाऱ्याचं गिऱ्हाईक यावर अडून बसतं. गाईंच्या मॅड काउ रोगातून जो धडा घेतला त्याच्याच पोटातला हा नियम. २००१ मध्ये तिथे पाळीव जनावरांच्या खाद्यात प्राण्यांची प्रथिनं वापरायलाच बंदी आली (फिशमीलसारखे मोजके अपवाद सोडून), २०१३ मध्ये माशांसाठी कोंबडी-डुकराच्या भुकटीला परत वाट मिळाली आणि २०१७ मध्ये ठरावीक कीटकांनाही. उत्तर आलं: "समुद्रात पकडलेल्या माशांचं, तिलापिया नाही," आणि सोबत पुरवठादाराचा दाखला. छान.

खरा प्रश्न मात्र पोत्याच्या उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांचा आहे, म्हणजे मुख्यतः सोयाचा. समुद्रावरचा भार कमी करायचा म्हणून सगळ्यांनी फिशमील कमी केलं, आणि तो भार शेतजमिनीवर आला. नॉर्वेतल्या सामन माशाचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. १९९० मध्ये त्याच्या खाद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सागरी घटक होते, पुढच्या पंचवीस वर्षांत ते चौथ्या हिश्श्यावर आले, आणि ती जागा बऱ्याच अंशी ब्राझीलच्या सोयाने घेतली. सोयासाठी जंगल तोडलं तर समुद्र वाचवून काय मिळवलं, असा प्रश्न मग येतोच. अ‍ॅमेझॉनमधल्या सोयाबाबत २००६ मध्ये व्यापाऱ्यांनी खरेदीबंदीचा करार केला होता. युरोपीय संघाच्या २०२३ च्या कायद्यात ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जंगलाच्या जमिनीवरचा सोया चालत नाही. अंमलबजावणी पुढे ढकलत नेली ती गोष्ट वेगळी. एएससीचं फीड स्टँडर्ड २०२१ मध्ये आलं आणि २०२३ पासून लागू झालं. त्याची जमेची बाजू हीच की ते सागरी आणि वनस्पतीजन्य दोन्ही घटकांकडे बघतं: खाद्यात एक टक्क्याहून जास्त असलेला प्रत्येक घटक कुठून आला आणि त्यात काय जोखीम आहे, हे खाद्य बनवणाऱ्या गिरणीला तपासावं लागतं.

पण यात एक मेख आहे. हे स्टँडर्ड 'मास बॅलन्स' चालवून घेतं. गिरणीने वर्षभरात जितका पात्र, म्हणजे निकषांत बसणारा, माल घेतला तितकंच पात्र खाद्य ती विकू शकते. मात्र सायलोत दोन्ही प्रकारचा सोया एकत्र पडू शकतो. तेव्हा माझ्या या पोत्यातला सोया प्रत्यक्ष जंगल न तोडता पिकवलेल्या शेतातलाच आहे, असं कोणी शपथेवर सांगू शकत नाही. वहीत हिशोब जुळतो, पोत्यात जुळेलच असं नाही. लहान गिरण्यांना दोन वेगळे सायलो परवडत नाहीत, म्हणून ही सवलत मला मान्य आहे. विक्रीच्या पत्रकावर "शंभर टक्के जंगलतोडमुक्त" असं छापलेलं मान्य नाही. हा शब्दप्रयोग कंपनीच्या पत्रकात आहे, आणि मी तो काढायला कळवलं आहे.

आता डीलर.

पोती नेहमीप्रमाणे आली. त्यातल्या एकाचा कोपरा हाताला थंड आणि कडक लागला. उघडलं तर आत मूठभर दाणे एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेले, वर हिरवट-करडी बुरशी आणि कुबट वास. डीलरला फोन केला तर म्हणाले, "ताई, तेवढं वरचं काढून टाका, खालचं एकदम फर्स्टक्लास आहे."

तेवढं काढून भागत नाही. बुरशी दिसते तिथेच विष थांबतं असं नाही, आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष उष्णतेनेही धड जात नाही. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या मत्स्यबीज केंद्रांमध्ये रेनबो ट्राउटला यकृताच्या गाठींनी घेरलं, आणि शोधता शोधता कारण निघालं सरकीच्या पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन. ट्राउट या बाबतीत फारच नाजूक, तिलापिया बराच कणखर. पण कणखर म्हणजे लगेच मरत नाही इतकंच. वाढ खुंटते, यकृत बिघडतं, आणि तसा मासा मी कोणाच्या ताटात पाठवणार नाही. युरोपात खाद्याच्या कच्च्या मालात अफ्लाटॉक्सिन बी१ ची मर्यादा किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम आहे. हे प्रमाण डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही.

पोतं बाजूला ठेवलं, लॉट नंबरचा फोटो काढला आणि कंपनीच्या गुणवत्ता विभागाला फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न लॉट नंबरचा विचारला, दुसरा पोती कशावर ठेवली होती हा. प्रत्येक लॉटचा नमुना ते राखून ठेवतात. तो काढून तपासला, माझ्याकडच्या पोत्याचाही नमुना मागवला. गिरणीतून निघताना ओलावा ९ टक्के होता, माझ्या पोत्यातल्या कोपऱ्यात १३ च्या वर. म्हणजे पाणी गिरणीनंतर लागलं. त्या लॉटची डीलरकडे उरलेली पोती कंपनीने परत उचलली, आणि मला बदली माल थेट पाठवला. अन्न आणि खाद्याच्या नियमांत 'एक पायरी मागे, एक पायरी पुढे' हा माग ठेवायचा दंडक आहे तो याचसाठी. कागदावर तो रटाळ वाटतो. लॉट नंबर उच्चारल्यावर समोरचा माणूस कुठल्या दिवशी, कुठल्या गाडीने, कोणाकडे हे वाचून दाखवतो, तेव्हा त्याची किंमत कळते.

नंतर मी स्वतः डीलरचं गोदाम बघून आले. पत्र्याचं छप्पर. पोती थेट फरशीवर, भिंतीला टेकून, आणि त्या भिंतीला ओल. खाली लाकडी पॅलेट नाही, भिंतीपासून हातभर जागा नाही. शेजारच्या फळीवर कीटकनाशकाच्या बाटल्या. त्यातली एक फुटली तर काय, हा विचार कोणी केलेला दिसला नाही. जुना लॉट मागे दडपलेला आणि नवा पुढून विकला जात होता, म्हणजे आधी आलेला माल आधी जायला हवा त्याच्या नेमकं उलट. मी म्हटलं, "दादा, निदान पॅलेट तरी टाका." ते म्हणाले, "ताई, सर्टिफिकेट कंपनीचं आहे, आमचं नाही."

माणूस वाईट नाही, आणि बोलले ते खरंच आहे. अडचण तिथेच आहे. युरोपीय संघाचा २००५ चा खाद्य-स्वच्छतेचा कायदा साठवण, वाहतूक आणि व्यापार यांनाही नोंदणीत आणतो. १९९२ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या जीएमपी प्लस या खाद्य-सुरक्षेच्या प्रमाणपत्र योजनेत तर व्यापार, साठवण आणि वाहतूक यांना वेगळी प्रमाणपत्रं आहेत. मधल्या हातांची नोंद हवी हे नियम करणाऱ्यांना केव्हाच कळलं होतं. पण शेवटच्या टप्प्यावरचा किरकोळ विक्रेता बहुतेक ठिकाणी या सगळ्याबाहेर राहतो, आणि कंपनीही त्याच्याकडे लक्ष्य पूर्ण करणारा माणूस म्हणून बघते. पेरूच्या समुद्रापासून गिरणीच्या दारापर्यंत प्रत्येक टप्प्याचा कागद तयार. शेवटच्या ओल्या भिंतीचा कोणाकडेच नाही. कंपनीला मी हेच लिहिलं: डीलर नेमताना एकदा गोदाम बघा, ओलावा मोजायचं यंत्र द्या, आणि पोत्यावर "जमिनीपासून उंच ठेवा" हे बारीक अक्षरात छापण्याऐवजी मोठ्या अक्षरात छापा. उत्तर आलंय की डीलरांची तपासणी सुरू करतोय. बघू.

आता मासा काय म्हणतो ते. सॅम्पलिंगच्या वजनांवरून एफसीआर (एक किलो मासा वाढायला लागलेलं किलोतलं खाद्य) १.४५ च्या आसपास बसला. आधीच्या खाद्यावर १.७ होता. एक टन मासा काढायला पाव टन खाद्य कमी, म्हणजे दहा पोती. मत्स्यपालनात निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचाच असतो, त्यामुळे पोत्याचा जादा भाव बराचसा इथेच भरून निघतो. पूर्ण नाही. उरलेला फरक आमच्या व्यापाऱ्याने दरात धरून दिला म्हणून गणित जमलं. ज्यांचा मासा जवळच्या बाजारात विकला जातो आणि जिथे कोणी कागद विचारत नाही, त्यांना हे खाद्य फक्त एफसीआरच्या जोरावर परवडेलच असं मी सांगणार नाही. एकदा स्वतःच्या तळ्यात एका बाजूला लावून बघा.

एक मागणी राहिली. पोत्यावर एकूण फॉस्फरस लिहा. सोयातला बराच फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो, माशाला तो पचत नाही आणि सगळा पाण्यात येतो. या खाद्यात फायटेज (फायटेट फोडणारं एन्झाइम) आहे असं लिहिलंय, पण किती आहे आणि त्याने किती फॉस्फरस सुटतो हे नाही. ज्यांच्या तळ्याचं पाणी शेवटी ओढ्याला जातं त्यांना प्रथिनांइतकाच हा आकडाही लागतो. अँटिऑक्सिडंटच्या (तेल खवट होऊ न देणारा पदार्थ) रकान्यात इथॉक्सिक्विन हे रसायन नाही, टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व) आहे, ते ठीक. फिशमील जहाजात आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून त्यात काहीतरी घालावंच लागतं, पण इथॉक्सिक्विनची परवानगी युरोपीय संघाने २०१७ मध्ये स्थगित केली आणि त्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालात ते चालत नाही.

घ्यायचं असेल तर डीलरचं गोदाम आधी बघा, पोत्याचे चारही कोपरे दाबून बघा, शिलाईवरची तारीख तीन महिन्यांच्या आतली असू द्या, आणि लॉट नंबर फोनमध्ये ठेवा. पुढची ऑर्डर मी याच खाद्याची दिली आहे, मासा वाढला म्हणून आता ४ मिमीची, आणि डीलर बदलून.